पाठीवर दोनदा

सकाळच्या तुकडीत अकरा जण होते आणि अकरा खाटांवर अकरा रबरी पुतळे. झांबरे मॅडम "हं, वळवा" म्हणाल्या, तसे अकरा हात पुतळ्यांच्या खांद्याखाली एकाच वेळी सरकले, एकाच वेळी क्षणभर थांबले आणि पुतळे कुशीवर वळले. मग अकरा तळव्यांनी पाठीवर दोनदा हलकेच थोपटलं.

दाराशी उभ्या असलेल्या विशाखा तायडेनं चौकट धरली.

ते थोपटणं तिच्या ओळखीचं होतं. लहानपणी रुग्णालयातली पाळी संपवून आलेली आई तिला कुशीवर वळवून असंच थोपटायची. दोनदाच. तिसऱ्यांदा कधी नाही.

"या, विशाखाताई," मॅडम म्हणाल्या. "चहा सांगू?"

"नको. बसची वेळ झालीये." बसला दोन तास अवकाश होता.

बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये हे कम्युनिटी कॉलेज उभं राहिलं, तेव्हा इथं पंपदुरुस्ती शिकवत, कारण गावाला तीच हवी होती. पुढं घराघरातली मुलं पुण्या-सुरतेला गेली, खाटेवर म्हातारी माणसं उरली आणि त्यांच्या पाठीला जखमा व्हायला लागल्या. मग कॉलेजनं रुग्णसेवेचा वर्ग काढला. शिकणाऱ्यांनी रोज दोन तास गावातल्या घरी जाऊन सेवा करायची, हीच फी.

आणि मग स्पर्शमोजा आला. एका माणसाच्या हाताचा दाब, वेग आणि थांबणं तो टिपून ठेवायचा. दुसऱ्यानं मोजा घातला की आतले बारीक धागे आवळत त्याचा हात तसाच चालवायचा. अशा नोंदीला इथं स्पर्शलेख म्हणत.

"आधी डॉक्टरांचा हात नोंदवला, मग हेड सिस्टरचा, मग तुमच्या आईचा," मॅडम म्हणाल्या. "पडून असलेल्यांनाच विचारलं, कुठला हात पाठवू? सगळ्यांनी मावशींचा मागितला."

"आणि ते थोपटणं?"

"परीक्षक म्हणाले, अनावश्यक हालचाल आहे, काढून टाका. काढली. तर पेशंट विचारायला लागले, आज काही राहिलं का गं? पुन्हा घातली."

विशाखानं टेबलावरचा संमतीचा फॉर्म पुढं ओढला. हाताचा धनी वारला की महिन्याभरात वारसाची संमती लागते, नाहीतर स्पर्शलेख पुसला जातो. खाली दोन चौकटी होत्या: नावासह, नावाशिवाय. हा वर्ग आता चाळीस कॉलेजांत चालणार होता, त्यांत पुण्यातलीही होती. प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला पडद्यावर हात कोणाचा ते येणार. 'कौसल्या तायडे, आया, तालुका रुग्णालय.' विशाखा पुण्याला प्राध्यापक होती. 'नावाशिवाय'वर खूण करायची, हे ती घरूनच ठरवून आली होती.

पण फॉर्मवर छापलं होतं: कौसल्या तायडे, निवृत्त परिचारिका.

"मावशी गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेत तुम्ही तसं छापलं होतं ना," मॅडम ओशाळून म्हणाल्या. "म्हटलं, आम्हीच इतकी वर्षं मावशींना आया म्हणत आलो. फार वाईट वाटलं. बाहेर मावशींच्या नावाची पाटी आहे, तीही बदलायला दिलीये."

विशाखाच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. आता नावासहही चाललं असतं. कुणालाही काही कळलं नसतं.

"ताई!" शकीला तडवी मोजा काढत आली. चाळिशीची शकीला पूर्वी केळीच्या बागेत घड वाहायची. आईचं शेवटचं सात महिन्यांचं आजारपण तिनंच काढलं होतं. "मावशी कशा होत्या सांगते तुम्हाला. हात त्यांचाच, तरी चुका काढायच्या! 'हळू गं कौसल्ये' असं मलाच म्हणायच्या." ती हसली, मग थांबली. "शेवटी म्हणाल्या, स्वतःच्याच हाताचा कंटाळा आला, दुसऱ्या कुणाचा दे. मग मी मोजा काढून ठेवायचे. माझा हात खरबरीत. पण चालायचा त्यांना."

विशाखाला त्याच महिन्यांतली एक दुपार आठवली. "विशा, जरा कुशीवर कर गं," आई म्हणाली होती. विशाखा खाटेपासून दोन हात लांब उभी होती. आईच्या अंगाला तोच वास येत होता, शाळेतून आल्यावर आईच्या साडीला यायचा तो, रुग्णालयाचा. "मला नाही जमायचं. शकीलाचं ट्रेनिंग झालंय," असं म्हणत तिनं ओसरीवरच्या शकीलाला हाक मारली होती. आई फक्त "बरं" म्हणाली होती.

"मला जरा मोजा घालून बघू दे," विशाखा म्हणाली.

मोजा थंड होता. धागे आवळले आणि तिचा हात तिच्या परवानगीशिवाय पुतळ्याच्या खांद्याखाली गेला. तिथं थांबला.

"का थांबला?"

"माणूस श्वास सोडेपर्यंत," शकीला म्हणाली. "तेव्हा अंग सैल असतं. मग दुखत नाही."

पुतळा वळला. तळवा उचलला गेला आणि पाठीवर दोनदा पडला. आजवर हे तिनं फक्त घेतलं होतं. आज पहिल्यांदा तिच्या हातून दिलं गेलं. रबराला.

तिनं मोजा उतरवला. 'नावासह'वर खूण केली, 'निवृत्त परिचारिका' खोडलं आणि वर ठळक लिहिलं: आया.

मॅडमनी वाचलं. वर पाहिलं. "मग पत्रिकेत..."

"ते मी खोटं छापलं होतं."

पलीकडे तुकडी पुन्हा पुतळे वळवू लागली.

"प्रवेश चालू आहेत का अजून?" विशाखानं विचारलं.

मॅडमनी दुसरा फॉर्म काढून दिला. नाव, वय, शिक्षण तिनं भरलं आणि चौथ्या ओळीशी पेन थांबलं. घरी कोण पडून आहे?

पेन ठेवून ती उठली. मोकळ्या हातानंच तिनं पुतळ्याचा खांदा धरला आणि तो श्वास सोडेल म्हणून थांबून राहिली.

"ताई," शकीलानं हळूच विचारलं, "कुणासाठी शिकणार आता?"