कॉम्प्युटरच्या पोटातला कॉम्प्युटर

"ए, थांब थांब! ते दाबू नकोस!"

जोगेश्वरीच्या बुद्धविहाराच्या माडीवरच्या त्या अभ्यासिकेत माणसं शिंकसुद्धा गिळतात, आणि हा पठ्ठ्या चक्क ओरडला! स्क्रीन विचारत होती, 'डिस्क पुसू का?', आणि श्रुतिकाचं बोट एंटरवर तसंच थबकलं. दाराशी बसून अभ्यासिका सांभाळणाऱ्या कमलमावशींनी डोळे वटारले. शेजारचा चष्मेवाला ओशाळला, आणि आपला लॅपटॉप तिच्याकडे वळवून त्याने टाईप केलं — 'विंडोज असताना लिनक्स टाकतेयस ना? सगळी डिस्क पुसली जाईल!'

श्रुतिकाने बोट झटकन मागे घेतलं. लॅपटॉप तिच्या सुशांतदादाचा, त्यात त्याचं अख्खं ऑफिस. पण सोमवारी लिनक्सची परीक्षा पास झाली तरच तिची नोकरी पक्की, नाहीतर नारळ.

'मग काय करू?' तिने त्याच्याच कीबोर्डवर विचारलं.

'व्हर्च्युअल मशीन बनव. कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर. आतला मोडला तरी बाहेरच्याला ओरखडा येत नाही. मी सम्यक. कॉलेजच्या लॅबमध्ये हेच करतो.'

पोटात? कसा मावतो? श्रुतिकाला राहवेना. तिने खुर्ची जवळ ओढली.

'रॅम किती देऊ?'

'अर्धी. सगळी दिलीस तर दादाचं विंडोज उपाशी मरेल.'

ती तोंडावर हात ठेवून हसली. पुन्हा तोच प्रश्न स्क्रीनवर आला — डिस्क पुसू का? ती दचकली. तो मात्र निवांत. 'आता बिनधास्त पुस. ही डिस्क म्हणजे दादाच्या लॅपटॉपवरची नुसती एक फाइल आहे.'

थोड्या वेळाने एका खिडकीत नवाकोरा डेस्कटॉप उघडला. "आईशप्पथ!" ती मोठ्याने म्हणाली. कमलमावशी खाकरल्या. सम्यकने लगेच त्या मशीनचा स्नॅपशॉट घेतला. 'आत्ता आहे तसं जपून ठेवलं. उद्या वाट लागली, तर इथे परत यायचं.'

मग रोज संध्याकाळी दोघं शेजारी बसू लागले. बोलायला बंदी, म्हणून त्या आतल्या मशीनमध्येच एक फाइल उघडून गप्पा मारायचे. कमांड शिकता शिकता गाडी कुठल्या कुठे जायची.

'तू नेहमी इतकी भांडतेस?'

'मालवणी आहे रे. हे तर प्रेमाने बोलणं झालं.'

'अरे बापरे... म्हणजे हे प्रेम?'

'जास्त शहाणपणा नको. पुढची कमांड सांग!'

घरी गेल्यावर श्रुतिका ती फाइल पुन्हा पुन्हा वाचायची, एकटीच हसायची. आणि मनात एकच भुणभुण — याच्या मनात नक्की आहे तरी काय?

रविवारी दुपारी तिने सरावाच्या जोशात भलतीच कमांड मारली, आणि मशीन सुरूच होईना. सम्यकने बरीच खटपट केली. शेवटी आपल्या लॅपटॉपवर लिहिलं, 'स्नॅपशॉटवर परत जा.'

'पण तो पहिल्या दिवसाचा आहे. आपली फाइल जाईल.'

'ती फाइल वाचवत बसलो तर आजचा दिवस जाईल. परीक्षा उद्या आहे ना?'

परीक्षा गेली तर नोकरी जाणार, हे श्रुतिकाला कळत होतं. तरी हात पुढे जाईना. सम्यकने तिच्याकडे पाहिलं... मग तोही टाईप करायचा थांबला. त्यालाही ती फाइल हवी होती, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

तिने बटण दाबलं. डेस्कटॉप पुन्हा नवाकोरा.

'सगळं गेलं,' त्याने लिहिलं.

"नाही गेलं," श्रुतिका म्हणाली. तोंडाने, खणखणीत आवाजात. "जे मी कधी टाईपच केलं नाही, ते कसं जाईल? मला तू आवडतोस, सम्यक. खूप आवडतोस."

अख्ख्या अभ्यासिकेच्या माना वळल्या. सम्यकचे कान लालबुंद झाले. त्याने सवयीने कीबोर्डकडे हात नेला, मग लॅपटॉप मिटला आणि उभा राहिला.

"मलाही," तो म्हणाला, आणि मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. "पहिल्या दिवसापासून."

कमलमावशींनी दोघांना दार दाखवलं. दाखवताना त्या हसत होत्या.