वांग्याच्या वाफ्यात सायकल

आधी घंटी वाजली, मग "हो... हो... हो!" अशी आरोळी आली, आणि पाठोपाठ अंजनाच्या वांग्याच्या वाफ्यात एक नवीकोरी सायकल आणि तिच्यावरचा फेटेवाला पाहुणा, दोघंही आडवे झाले.

त्या काळी शेलूबाजारच्या पंचक्रोशीत सायकली बोटांवर मोजण्याइतक्या. वांग्यांवर माव्याची कीड पडली म्हणून अंजना चुलीची राख भुरभुरत होती. टोपली ठेवून ती धावली. कोटाला चिखल, कानामागे वांग्याचं पान... आणि तरी तो तरुण सायकलच चाचपत होता!

"लागलं काय हो?"

"मले नाही. हिले लागलं काय, ते पाहून राह्यलो."

अंजनाला हसू आवरेना. "ब्रेक काहून नाही दाबला?"

"दाबला ना वं! थांबतच नाही. अन् कालच तं चाकाले वंगण देल्लं..."

"वंगण? कुठी?"

"सगळीकडं. ब्रेक दाबला का कुरकुरे. बंडीचं चाक कुरकुरलं का आमी वंगणच देतो."

अंजनाने पाहिलं. चाकाची कड वंगणाने काळीभोर झालेली. ब्रेकचं रबर धरणार तरी कशाला? तिने चिंधीवर मूठभर राख घेतली आणि भांडं घासावं तशी ती कड घासून काढली. दुसरा कोणी असता तर त्याने तिच्या हातातून चिंधी ओढून चार गोष्टी शिकवल्या असत्या. हा नुसता बघत राहिला.

"मले सुचलंच नाही हे," तो म्हणाला. "हुशार हायेस तू."

इतकं सरळ कौतुक करणारा पुरुष तिने पाहिलाच नव्हता. तो तिला आवडला, अगदी तिथल्या तिथे.

"मले वाटे, सायकल घेतली का उडतच जाईन," तो सांगू लागला. "किन्हीराजाहून निघालो, तं पैल्याच चढावर उतरलो. अर्धी वाट हिलेच चालवत आनलं."

"मंग इकून टाका ना!"

"छ्या! नव्या गोऱ्ह्यालेही जुवाची सवय व्हाले महिना लागते. हिचं काही चुकत नाही... मीच शिकीन." मग तो घुटमळला. "इंद्रभानजीचं घर कोनतं? पोरगी पाहाले आलो. मामा मागून बंडीनं येऊन राह्यले. अन्... मी पडलो, ते कोनाले सांगू नको."

 इंद्रभान तिचे वडील, आणि ती पोरगी म्हणजे तीच! तिने नुसतं बोटाने घर दाखवलं. पण मनात धास्ती बसली. बाबांना बढाई म्हणून खपत नसे. कामरगावचं चांगलं स्थळ त्यांनी एका फुशारकीपायी परत धाडलं होतं. हा काय बोलेल?

दुपारी ओसरीवर जानराव मामांनी मिशीला पीळ दिला. "आमचा जगदेव किन्हीराजाहून एका घंट्यात आला! सायकल म्हनजे निरा वारा!"

"खरं काय, पाव्हने?" बाबांनी हळूच विचारलं.

तेवढ्यात अंजना चहा घेऊन आली. जगदेवने आधी तिची राखेने माखलेली नखं पाहिली, मग चेहरा... आणि त्याचे कान लालेलाल झाले. 

"नाही जी," तो म्हणाला. "चार घंटे लागले. अर्धी वाट पायी आलो, अन् तुमच्या वांग्यात पडलो. चाकाले वंगण लावलं, ते माहंच चुकलं. तुमच्या पोरीनं पुसून देल्लं."

मामांना ठसका लागला. बाबा मात्र खदखदून हसले. "मी मोटेवरच होतो. पाह्यलं म्या सगळं! जानराव, लग्नाची तिथ काढा."

ऊन उतरलं तेव्हा मामांची बंडी पुढे निघून गेली होती. जगदेव बांधावरून सायकल हातात धरून हळूहळू चालला होता. अंजना पाटाजवळ उभी.

"बसा की आता! ब्रेक लागते ना?"

"लागते."

"मंग पायी काहून?"

तो थांबला. वळून तिच्याकडे बघत म्हणाला, "बसलो तं... तुहं वावर लवकर सरंन."