आठ पेले सरबत

"तुमच्या बाल्कनीतून काहीतरी गुलाबी गळतंय."

दारात एक उंच माणूस उभा होता. ओले केस, पायांत रबरी चपला आणि हातात पांढरा टॉवेल. टॉवेलभर गुलाबी ठिपके... चांगले वीस-पंचवीस.

"गुलाबी?" मी विचारलं.

"आणि गोड," तो म्हणाला. मग जरा गडबडला. "म्हणजे मी मुद्दाम चाखलं नाही. वर बघायला गेलो, तर ओठावरच पडलं."

मला हसू फुटणार, तेवढ्यात डोक्यात लख्ख उजेड पडला. त्याला तसाच दारात सोडून मी बाल्कनीकडे धावले. आई कोरफडीच्या कुंडीपाशी उभी होती. हातात रिकामा पेला. कुंडीच्या बुडातून माझं स्ट्रॉबेरीचं लिंबू सरबत थेंब थेंब खाली चाललं होतं.

"आई!"

"ओरडतेस काय? झाडाला पाणी घालतेय."

"सरबताचं?"

आईने पेला पाठीमागे लपवला. माझ्या आईने, जिने तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, पोरांच्या वह्यांतली खाडाखोड चष्मा न लावता पकडली, तिने!

आईच्या मूत्रपिंडात खडा होता. डॉक्टरीणबाईंनी एक महिन्याची मुदत दिली होती. भरपूर पाणी प्या, लिंबू घ्या. खडा आपणहून पडला तर उत्तम, नाहीतर ऑपरेशन. आणि आईचं म्हणणं, पाण्याला काही चव असते का? म्हणून त्या उन्हाळ्यात मी रोज पहाटे उठून फळं कुस्करायची, लिंबं पिळायची, मोठ्या बरणीत सरबत भरून कामावर जायची. फ्रिजवर एक कागद चिकटवला होता. दिवसाचे आठ पेले, प्रत्येक पेल्याला एक खूण. नऊ दिवसांत आईने बहात्तर खुणा केल्या होत्या. सगळ्या खोट्या.

मला रडूच यायला लागलं. तेवढ्यात दारातून आवाज आला, "मी... नंतर येऊ का?"

"टॉवेल द्या इकडे. धुऊन देते."

"राहू द्या हो, आमच्याकडे तलावावर असे ढीगभर—"

"द्या म्हटलं ना!"

त्याने निमूटपणे टॉवेल दिला. जिन्यात वळताना त्याने एकदा मागे पाहिलं. दोन महिन्यांपूर्वी खालच्या मजल्यावर राहायला आलेला तो हाच, पोहायला शिकवणारा. आई त्याला नुसतं 'खालचा' म्हणायची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खालचा टॉवेल न्यायला आला. डाग काही गेले नव्हते. मी ओशाळून म्हटलं, "सरबत घेणार का? भरपाई म्हणून?"

फ्रिजवरचा कागद वाचत त्याने घोट घेतला. भुवया वर गेल्या.

"काय झालं?"

"खरं सांगू?"

"नको."

"बरं," तो म्हणाला आणि पेला हळूच टेबलावर ठेवला.

"...सांगा."

"हे सरबत नाही, पाक आहे. दिवसाला आठ पेले हे प्यायचं म्हणजे शिक्षा झाली. मी काकू असतो तर मीही कुंडीत ओतलं असतं."

"बघ!" आई आतल्या खोलीतून म्हणाली. कान इकडेच होते तर!

मला असा राग आला की विचारू नका. "मग तुम्ही करून दाखवा ना!"

"करतो की. चाकू कुठेय?"

आणि हा बाबा खरंच बाह्या सरसावून आमच्या स्वयंपाकघरात शिरला. फ्रिजमध्ये अर्धं कलिंगड होतं. त्याच्या फोडी करून त्याने बिया काढल्या, चमच्याने गर दाबून चाळणीतून रस गाळला. साखर अगदी नावाला, मिठाची चिमूट. लिंबू मी पिळायला घेतलं तर म्हणाला, "एवढा जोर लावू नका. सालीचा कडूपणा उतरतो. लिंबाशी भांडण आहे का तुमचं?"

"लिंबाशी नाही."

"मग?"

माझा हात हलका झाला. चार पुदिन्याची पानं त्याने तळहातावर ठेवून टाळी वाजवली आणि पेल्यात सोडली. असा काही वास सुटला! मी पहिला घोट घेतला. थंडगार, हलकं, आंबटगोड. दिवसभर उन्हात तापलेलं डोकं जणू कुणी ओल्या हातांनी धरलं.

आईपुढे पेला ठेवला. तिने तो दोन्ही हातांत धरला, पण ओठाला लावला नाही. खालचा तिच्यासमोर स्टूल ओढून बसला.

"काकू, चवीचा प्रश्न नाहीये ना?"

आई पेल्याकडे बघतच म्हणाली, "त्या दिवशी दुखलं ना... बाळंतपणातही तसं दुखलं नव्हतं. पोटात पाणी गेलं की वाटतं, तो खडा हलेल. पुन्हा तसंच होईल. हिला सांगून काय करू? ही आधीच रात्रीची झोपत नाही."

मी जागच्या जागी थिजले. इतके दिवस मी फळं बदलत होते, साखर वाढवत होते... आणि आई घाबरली होती. एकदा विचारलंसुद्धा नव्हतं मी!

"माझ्याकडे एक आजोबा येतात पोहायला," तो म्हणाला. "आठ दिवस पायरीवर बसून नुसते पाय बुडवायचे. मी म्हटलं, बसा. नवव्या दिवशी स्वतःच उतरले. आठ पेले कोणी सांगितलेत तुम्हाला? एक घोट घ्या. मग वाटलं तर दुसरा."

आईने एक घोट घेतला. बराच वेळ थांबली. मग दुसरा.

फ्रिजवरचा कागद मी त्याच संध्याकाळी फाडून टाकला.

त्यानंतर तो रोज संध्याकाळी यायला लागला. हातात कधी पीच, कधी अननस, कधी काळी द्राक्षं. "काकूंना बघायला आलोय," असं दारातच जाहीर करायचा, आणि सरळ स्वयंपाकघरात माझ्या शेजारी येऊन उभा राहायचा. पीचची साल गरम पाण्यात बुडवली की कशी अलगद सुटते ते मी त्याला शिकवलं. द्राक्षं आधी थोडी शिजवायची, हे त्याने मला. आई मधूनच ओरडायची, "अरे, सरबत होतंय की पंचपक्वान्नं? केव्हाची वाट बघतेय!" तिचे दिवसाला पाच पेले होऊ लागले. मग सहा. मग सात.

'तुम्ही' केव्हा गेलं आणि 'तू' केव्हा आलं, ते कळलंच नाही.

एकदा तो दुपारी माझ्या दुकानात आला. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. डोळ्यांची मापं घेते, काचा बसवते. त्याला नंबराचा पोहण्याचा चष्मा हवा होता.

"इकडे बघ," मी पट्टी त्याच्या नाकाजवळ धरली. "सरळ माझ्या डोळ्यांत."

"नियम आहे असा?"

"दोन बुबुळांमधलं अंतर मोजायचंय. हलू नकोस."

"हललो नाही. तुझाच हात हलतोय."

खरंच हलत होता. रोज वीस जणांची मापं घेणारी मी, एका मापासाठी तीनदा पट्टी लावली! तपकिरी डोळे, डाव्या पापणीवर तलावाच्या पाण्याची लाली... आणि त्यात इवलीशी मी.

"आलं का माप?"

"आलं," मी म्हणाले आणि कागदावर आकडा उलटा लिहिला. चौसष्टचा शेहेचाळीस.

डॉक्टरीणबाईंच्या मुदतीचा तिसरा आठवडा संपत आला तेव्हा त्याने अननस चिरता चिरता सांगितलं, "दुसऱ्या गावच्या मोठ्या तलावावर बोलावलंय मला. मुख्य शिक्षक म्हणून. पहिल्या तारखेपासून."

माझ्या हातातलं लिंबू थांबलं.

"छान," मी म्हणाले. "अभिनंदन."

"एवढंच?"

"आणखी काय म्हणू?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी लिंबाकडे. त्या दिवशीचं सरबत आईने एक घोट घेऊन खाली ठेवलं. "मीठ किती वेळा टाकलंस गं? समुद्र झालाय याचा." मग माझ्या तोंडाकडे बघून पेला बाजूला सरकवला आणि पुढे काही विचारलं नाही.

चार दिवस तो आला नाही. तलावावर काम आहे म्हणून निरोप आला. मी एकटीच फळं कुस्करत राहिले. 'थांब' हा शब्द किती छोटा! दोन अक्षरं. पण ती तोंडातून निघतील तर शपथ. एवढं चांगलं काम चालून आलेल्या माणसाला थांब म्हणणारी मी कोण?

पाचव्या दिवशी सकाळी आई स्वयंपाकघराच्या दारात आली आणि चौकट धरून खाली बसली. चेहरा पांढराफटक. "हलला गं," एवढंच म्हणाली.

मी अनवाणी जिना उतरले. त्याचं दार दोन्ही हातांनी बडवलं. त्याने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि एक शब्द न विचारता किल्ली उचलली. आईला त्याने हातांवर उचलून खाली आणलं. "काकू, मोठा श्वास... सोडा. पुन्हा. मी आहे." गाडीत आईने माझा हात असा आवळला होता की बोटं बधिर झाली.

दवाखान्यात आईला आत नेलं आणि दार लागलं. आम्ही बाकावर बसलो.

"मीच पाजलं," मी म्हणाले. "ती भीत होती आणि मी रोज पेला पुढे करत राहिले..."

"हलायलाच हवा होता तो. त्याशिवाय निघणार कसा?"

"पण तिला काही झालं तर?"

तो जवळ सरकला. आमचे खांदे टेकले आणि तसेच राहिले. भिंतीवरचं घड्याळ काही केल्या पुढे सरकेना.

पाऊण तासाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्या हसत होत्या. मी उभी राहिले.

"दुखणं थांबलं. खडा खाली मूत्राशयात उतरलाय. अवघड वाट संपली, आता आपोआप पडेल. ऑपरेशनची गरज नाही. चांगलं पाणी पाजलंत हो त्यांना."

त्या गेल्या आणि मी मटकन खाली बसले. रडत होते की हसत होते, माझं मलाच कळेना. महिनाभर छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं होतं, तो कुणीतरी उचलून नेला. त्याने खिशातून रुमाल काढून दिला. मी नाक पुसलं, डोळे पुसले आणि त्याच भरात तोंडातून निघून गेलं,

"जाऊ नकोस ना."

तो माझ्याकडे बघतच राहिला.

"म्हणजे... काम चांगलं आहे, मला कळतं. पण नको जाऊस. चार दिवस तू आला नाहीस तर... घर ओकंबोकं वाटतं."

"मी परवाच कळवलंय त्यांना," तो हळूच म्हणाला. "येत नाही म्हणून."

"काय? मग सांगितलं का नाहीस?"

"तू 'अभिनंदन' म्हणालीस! त्यावर काय सांगणार होतो?"

"आणि त्यांना कारण काय दिलंस?"

तो आपल्या चपलांकडे बघायला लागला. मोठमोठ्या माणसांना खोल पाण्यात उतरवणारा हा माणूस, त्याचे कान लाल झाले होते.

"सांगितलं... घरची माणसं इथे आहेत."

"पण तू तर एकटाच राहतोस."

"तेच तुला विचारायचं होतं... खोटं तर नाही ना सांगितलं मी?"

माझा जीव एवढासा झाला आणि दुसऱ्याच क्षणी आभाळाएवढा. तेवढ्यात आतलं दार उघडलं. नर्सबाईंनी डोकं बाहेर काढलं.

"आत या भेटायला. पेशंटच्या घरचं कोण आहे?"

आम्ही उठलो, पण तो एक पाऊल मागे सरकला. मी त्याचा हात धरला.

"आम्ही दोघं," मी म्हणाले, आणि त्याला घेऊन आत गेले.