डाव्या हाताची मुलं

ऋजुता खरातचा आवाज वर्गभर घुमत होता आणि ऋजुता मात्र तोंड मिटून कोपऱ्यात उभी होती. भिंतीवरच्या पडद्यात तिच्याच चेहऱ्याची, तिच्यासारखीच मान तिरकी करणारी बाई दुसरीच्या पोरांना विचारत होती, "सतरा आणि आठ किती?" सरकारी भाषेत तिचं नाव अनुशिक्षिका. पोरं तिला सावलीबाई म्हणत, आणि पोरांनी ठेवलेली नावं सरकारी नावांपेक्षा नेहमीच बरी असतात.

त्या काळात शिक्षिका व्हायचं तर आधी आपली सावली घडवावी लागे. अध्यापक विद्यालयातली छात्राध्यापिका परीक्षेचा सराव पाठ घ्यायला उभी राहिली की कॅमेरे तिची नजर टिपत. ती कोणाला उठवते, उत्तरासाठी किती थांबते, कुठे हसते, सगळं. यंत्र त्यातून तिच्या सवयी उचली. एखादी सवय का पडली हे मात्र त्याला कधीच कळत नसे. कशाच्या मागोमाग काय घडतं, एवढंच ते शिके. पाठ उत्तम झाला की सावलीवर मोहोर लागे, आणि मग वर्षभर तिच्यात काडीचा बदल होत नसे. मध्येच बाई बदलली की लहान मुलं बिथरतात, असा तज्ज्ञांचा अनुभव होता. त्याच कारणाने वर्गातल्या हाडामांसाच्या बाईनेही सावलीपेक्षा वेगळं वागायचं नाही, असा नियम होता. तो मोडला की मनगटावरची पट्टी चिमटा काढल्यासारखी थरथरे. फार वेळा थरथरली की बाई कायमची घरी जाई आणि सावली वर्गात राही.

बोरवडीच्या शाळेत उमेदवारीला येताना ऋजुताला याचं काही वाटलं नव्हतं. स्वतःसारखंच तर वागायचं, त्यात अवघड ते काय? सावली पाढे घेईल, आपण रडणाऱ्यांना जवळ घेऊ, अशा हवेत बाईसाहेब आल्या होत्या.

पण झेलम पवारचं काहीतरी बिनसलं होतं. पोरगी हुशार, डोळे लुकलुकते. प्रत्येक प्रश्नाला बाकावरून अर्धी उठून हात वर करी, आणि सावलीबाई तिच्यावरून नजर फिरवून दुसऱ्याला विचारी. आजही तसंच झालं. सत्रभरात सावलीला एकही उत्तर न दिलेलं मूल यंत्राच्या लेखी 'अबोल' ठरे आणि त्याची रवानगी तालुक्याच्या अबोल वर्गात होई. तिथून परत आलेलं मूल कोणी पाहिलं नव्हतं. सत्र संपत आलं होतं.

ऋजुताला राहवेना. "झेलम, तू सांग गं."

"पंचवीस!" झेलम ओरडली.

पट्टीने करकचून चिमटा काढला. आणि ते उत्तर धरलंही गेलं नाही, कारण ते सावलीने विचारलेलं नव्हतं.

त्याच आठवड्यात सावल्यांची जडणघडण करणाऱ्या डॉ. नफीसा इनामदार तपासणीला आल्या. वर्ग सुटल्यावर ऋजुताने त्यांना गाठलं.

"मॅडम, माझी सावली त्या एका मुलीला विचारतच नाही. काहीतरी बिघाड आहे."

इनामदारबाईंनी सावलीची उलटतपासणी केली आणि चष्मा कपाळावर सरकवला. "बिघाड नाही गं. डावा हात वर केलेल्या मुलाला ती विचारत नाही. ती मुलगी डावखुरी आहे का?"

"हो, सगळं डाव्यानेच करते. पण असलं मी कुठे शिकवलंय?"

"तूच. तुझ्या पाठात कितीतरी डावे हात वर होते. त्यातल्या एकालाही तू उठवलं नाहीस."

ऋजुताचा चेहरा खर्रकन उतरला. परीक्षेआधी वर्गाला पढवून ठेवायची रीतच होती. येत असेल तर उजवा हात, येत नसेल तर डावा. परीक्षकाला नुसते हातच हात दिसतात, आणि आपण उजवे तेवढे उठवायचे. आधीच्या तुकडीतल्या छात्राध्यापिकांनी ऋजुताच्या तुकडीला सांगितलं, तिच्या तुकडीने पुढच्यांना. ती हे चाचरत बोलली तेव्हा इनामदार आधी खो खो हसल्या. मग त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला.

"सगळ्याच करतात?"

"सगळ्याच, मॅडम. आमच्या बाईंनीपण केलं होतं."

"म्हणजे राज्यातल्या सगळ्या सावल्या..." त्या पुटपुटल्या.

"तेवढं काढून टाका ना!"

"आमटीत पडलेलं मीठ वेचता येतं का? ते एका जागी नसतं, सगळीकडे मुरलेलं असतं. मी वर कळवीन. पण सगळ्या सावल्या बंद केल्या तर शिकवायला माणसं आहेत कुठे?"

"मग मी सोडून जाते."

"जा की. ती राहील. तुझाच आवाज, तुझाच चेहरा, आणि झेलमकडे बघायला कोणी नाही."

भिंतीवर डोकं आपटावं तर भिंतही आपणच, अशी ऋजुताची गत झाली होती. शेवटी मधल्या सुट्टीत तिने झेलमला नळापाशी गाठलं. तिथे कॅमेरा नव्हता.

"उद्यापासून हा उजवा हात वर करायचा."

झेलमने डावा पुढे केला. "का बाई? माझा हा हात चांगला आहे की."

"डावा सावलीबाईला दिसत नाही. येत नसेल त्याने करायचा असतो तो." लेकराचा चांगला हात आपण वाईट ठरवतोय, हे बोलताना तिला अपराध्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी झेलमने अवघडून उजवा हात उचलला. सावलीबाई हसली, तिने विचारलं, झेलमने खणखणीत उत्तर दिलं. पोरगी बोलकी ठरली. ऋजुताच्या डोळ्यांत आनंदाने पाणी आलं.

पोरांच्या पोटात गोष्ट राहते थोडीच! झेलमने मैत्रिणीला सांगितलं, मैत्रिणीने भावाला. दिवाळीनंतर हातच्याची वजाबाकी सुरू झाली. सावलीबाईने भराभर एक उदाहरण सोडवून दाखवलं आणि विचारलं, "कोणाला येतंय?"

सगळ्या वर्गाचे डावे हात वर झाले.

"अरे वा, सगळे हात वर!" सावलीबाई म्हणाली. परीक्षकाच्या देखत ऋजुता नेमकं हेच, याच कौतुकाने म्हणाली होती. "सगळ्यांना येतंय. चला, पुढे जाऊ."

ऋजुता झेलमच्या बाकाशी वाकली. "तुला आलं का गं हे?"

"नाही."

"मग विचारायचं ना!"

"कशाला? डावा केला की ती काहीच म्हणत नाही." झेलमचा चेहरा समाधानाने फुलला होता. एवढी निवांत ती कधी दिसली नव्हती.

ऋजुता तिची पाटी ओढून हातचा कसा घ्यायचा ते समजावू लागली. पट्टी थरथरली. ती थांबली नाही. पट्टी पुन्हा थरथरली, मग थरथरतच राहिली. पाटीवरचा आकडा वेडावाकडा झाला. पोरांनी वळून पाहिलं. पहिलीतली त्यांची बाई अशीच पट्टी थरथरून घरी गेली, हे त्यांना ठाऊक होतं.

झेलमने हळूच तिच्या हातून पाटी काढून घेतली.

"बाई," ती समजूत काढत म्हणाली, "तुम्हीपण डावा हात वर करा की. मग कोणी काही करत नाही."