खांबासुराचा वध राहिला

पटलं नाही तर सोडून द्या. पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. ज्या तोंडानं रोज देवाचं नाव घेते, त्याच तोंडानं सांगते.

ही गोष्ट रात्रीची नाही. मागच्या मे महिन्यातली, भर दुपारची. वर्ध्याला लागून पिपरी मेघेत आमचं घर आहे, तिथली.

माझा भाचा रुपेश आणि त्याची बहीण मयुरी वरच्या खोलीत फायटिंग गेम बनवायचे. आईबाप गेल्यापासून दोघंही माझ्याच हाताखाली वाढली.

त्या गेमच्या शेवटी खांबासुर नावाचा राक्षस होता. एवढा मोठा, की स्क्रीनवर फक्त तोंड आणि एक हात मावायचा. खेळणारा त्याला मारायचा, खेळ संपायचा.

मग लोकांनीच मागणी केली. आम्हाला खांबासुर होऊन लढू द्या.

आता त्याला माणसाएवढा करणं आलं. मोठा ठेवला तर समोरच्याची लाथ गुडघ्याच्या वर जाईना. लहान केला तर त्याची भीतीच वाटेना. मयुरी म्हणाली, हा तर ढाब्यावरचा आचारी दिसून राह्यला. महिनाभर दोघं भांडत होती.

शेवटी मीच तोंड घातलं. म्हटलं, आमचे कीर्तनकार मधुकरराव बुवा बघा. काडीसारखा देह. पण आख्यानात राक्षसाची चाल धरली की देऊळ लहान वाटतं. पाऊल उचलतात आणि कितीतरी वेळ टाकतच नाहीत... सगळी भीती तिथं असते.

बुवा आमच्या वरच्या खोलीत आले. पोराच्या हौसेखातर आख्यानात खांबासुराचं नाव घेतलं. मयुरीनं मोबाईलवर त्यांची चाल टिपली. मग रुपेश स्वतः तसा चालला, आणि आपल्याच मापावर राक्षस बेतायला घेतला.

इकडं बुवांच्या आख्यानात वध सुरू होणार, तेवढ्यात रुपेश म्हणाला, "बुवा, राहू द्या. आता गेममध्ये तो मरत नाई."

बुवा म्हणाले, राक्षस उभा केला की त्याचा वध करूनच आरती करावी. आख्यान अर्धं सोडत नाहीत.

खाली पोळ्या गार होत होत्या. मी म्हटलं, "बुवा, पोरांचा खेळ आहे. वध देवळात करा."

हे मी म्हटलं.

बुवांनी चिपळ्या पिशवीत टाकल्या. जेवलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी...

रुपेश माझ्यासमोर जेवत होता. मयुरी वाढत होती. वर कोणीच नव्हतं.

वर एक पाऊल पडलं.

घास हातात धरून मी दुसऱ्याची वाट पाहिली.

ते आलंच नाही...

भात संपला. ताक पिऊन झालं. मग, बरोबर माझ्या डोक्यावर, दुसरं पडलं.

मयुरीच्या हातातला डाव खाली पडला. रुपेशनं मान वर केली नाही. तो हसला.

त्या दिवसापासून त्याच्या चपलांचा आवाज बंद झाला. फटफट करत जिना उतरणारा पोरगा... आता एकदम दारात उभा दिसायचा.

आणि आत येताना वाकायचा.

पाच फूट चार इंचांचा पोरगा. दार साडेसहा फुटांचं.

मयुरीनं विचारलं, "दादा, काऊन वाकतं रे?"

तो म्हणाला, "तुमचं घर लहान आहे."

तुमचं.

डॉक्टरला दाखवलं. रिपोर्ट सगळे ठीक आले.

मी बुवांचे पाय धरले. ते आले, तेव्हाही दुपारच होती. रुपेश समोरच खुर्चीवर बसला. बुवांनी खांबासुराचं नाव घेतलं आणि सोडलेलं आख्यान पुढं धरलं. वर सगळं शांत होतं.

वधाचं पद ओठांवर आलं...

"मारा, बुवा," रुपेश हळूच म्हणाला. "पण कोण पडते ते बघून मारा."

चिपळ्या थांबल्या. बुवांनी माझ्याकडं पाहिलं.

"शोभाबाई, पुढं म्हणू?"

मी रुपेशकडं पाहिलं. कपाळावर घाम होता. ओठ हसत होते. पण डोळे... डोळे माझ्या पोराचे होते. ते मला विनवत होते. म्हणा म्हणून की नको म्हणून, ते मला आजही कळलेलं नाही.

मी मानेनं नाही म्हटलं.

बुवा गेले. आताशा ते कीर्तनात राक्षसाचं आख्यान घेतच नाहीत. मयुरी पुलगावला मैत्रिणीकडं राहायला गेली, फोनही करत नाही. गेम मात्र जोरात चालला. म्हणतात, सगळे खांबासुरच निवडतात.

मी इथंच आहे. ताट वाढते, रुपेश म्हणून हाक मारते. तो येतो, जेवतो, उठून जातो. माझं पोर आत कुठं असेल तर त्याच्या पोटात चार घास जाऊ दे, एवढंच देवाला मागते.

घास कोण गिळतं... ते मला दिसत नाही.