फोटोमागचे रंग

फोटो काळे-पांढरेच निघत आणि हौशी लोक त्यांत हातानं रंग भरून घेत, त्या काळातली ही गोष्ट. नोकरीच्या अर्जाला फोटो हवा म्हणून ती त्या स्टुडिओत शिरली. घटस्फोटाला तीन महिने झाले होते, मुक्काम भावाच्या घरी होता.

"जरा हसा ना," फोटोग्राफर काळ्या कापडातून डोकं काढत म्हणाला.

"अर्जाला हसू लागत नाही."

"फोटोग्राफरला लागतं हो..."

तिनं नजर वळवली, ती भिंतीवरच्या रंगीत फोटोवर गेली. "या बाईंना ताप होता का? गाल केवढे लाल!"

तो खो खो हसला. रंगवणाऱ्या मामांना मोतीबिंदू झाला होता आणि दुसरं माणूस मिळत नव्हतं. बारा वर्षं उशांच्या अभ्र्यांवर बारीक भरतकाम केलेला तिचा हात सोमवारपासून तिथंच कामाला लागला. अर्ज पर्समध्येच राहिला.

तिचा संसार मोडला तो एका कोटामुळे. नवऱ्यानं शिवायला टाकलेला बायकी कोट शिंप्यानं घरी आणून दिला, तिनं हौसेनं अंगात घातला, तर कमरेत बसेना. माप दुसरीचं होतं. नवऱ्यानं साधी थापसुद्धा मारली नाही, हेच तिला जास्त लागलं.

स्टुडिओत तिची जागा खिडकीशी. काडीला कापूस गुंडाळायचा, रंगात टेकवायचा, गालावरून अलगद फिरवायचा. कुठे कुठला रंग, ते फोटोग्राफरनं फोटोमागे लिहायचं. पण त्याचं सगळं लक्ष उजेडाकडे! एकदा त्यानं लिहिलं होतं, "डोळे : दोन. कोट : आहे."

"तुमच्यापायी पोस्टमास्तरीणबाईंचा निळा कोट मी हिरवा केला," ती फणकारली. "डोळे आहेत की बटणं?"

"डोळेच आहेत... पण कामाच्या वेळी नको तिकडे जातात, त्याला मी काय करू?"

त्या दिवशी एका वकीलसाहेबांच्या गालांवर जरा जास्तच लाली चढली.

दीड वर्ष असं हसतखेळत गेलं. मग एका संध्याकाळी दादा म्हणाला, "तुझा नवरा तुला परत न्यायला तयार आहे. ती गेली सोडून. झालं गेलं विसर आता. रविवारपर्यंत उत्तर दे."

"दादा, अरे..."

"एकटीनं किती दिवस काढशील गं? उद्या मी नसलो तर?" त्याच्या आवाजात काळजी होती, म्हणून तिला भांडता येईना.

दुसऱ्या दिवशी तिनं हे फोटोग्राफरला सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. "तुमच्या घरचा प्रश्न... मी काय बोलणार?" म्हणाला आणि पुसलेलीच लेन्स पुन्हा पुसत बसला. तिला राग आला, रडूही आलं. पण घरी जाता जाता एक मात्र पक्कं झालं, की हा बोलो न बोलो, त्या घरी परत जायचं नाही. जेवतानाच तिनं सांगून टाकलं, "दादा, मी जाणार नाही. स्वतःची खोली बघते."

दादानं तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. म्हणाला, "उजेडाची बघ. रंगकाम करतेस."

सकाळी तिच्या टेबलावर एकच फोटो होता. तिचाच, अर्जासाठी काढलेला, मोठा केलेला. मागे त्याचं वाकडं अक्षर दाटीवाटीनं भरलं होतं.

"डोळे : तपकिरी, खिडकीशी बसल्या की मधासारखे. शाल : विटकरी, डाव्या खांद्यावर रंग उडालेला. उजव्या भुवईत एकच पांढरा केस, तो झाकू नये. ओठ : ..." पुढे नुसती खाडाखोड.

बारा वर्षांच्या संसारात कुणी तिच्याकडे इतकं पाहिलं नव्हतं. ती फोटो घेऊन डार्करूमच्या बंद दाराशी गेली. आत तो एका लग्नाच्या फोटोंच्या काचेच्या प्लेटा धूत होता; जरा उजेड लागला तरी त्या वाया जायच्या.

"अहो, गिऱ्हाइकाचं नाव लिहायचं राहिलंय!"

आतलं पाणी थांबलं. "माझं लिहा."

"आणि पोचवायचा कुठं?"

"पोचवायचा नाही... इथंच राहावं, कायमचं, अशी फार..." तो अडखळला. "दादांना काय सांगितलंत?"

"नाही म्हणून. कालच. हे वाचायच्या आधी."

"आणि वाचल्यावर?"

"वाचल्यावर... हो."

दार धाडकन उघडलं.

"अहो, प्लेटा!" ती ओरडली. पण उजेड आत शिरला होता.

दुसऱ्या दिवशी ते अख्खं वऱ्हाड पुन्हा नटूनथटून, कुरकुरत आलं. त्यांची माफी मागायला दोघं दारात उभी होती, एकमेकांना अगदी खेटून.