या परत

ही गोष्ट खरी आहे. पटवून देण्याचा उत्साह माझ्यात नाही. ज्याच्या बाबतीत ती घडली, तो माझा सख्खा मामेभाऊ इंद्रजित. मुळशीतल्या लवळ्याचा. आज फोन केलात तर उचलेल, पण हा विषय काढलात की ठेवून देईल.

आणि एक सांगून ठेवतो. यात अमावस्या नाही, मध्यरात्र नाही. जे झालं ते मागच्या डिसेंबरात, दिवसाउजेडी झालं.

इंद्रजितच्या घरामागं कॉलेजच्या पोरांना दिलेल्या खोल्या आहेत. दारात एक पांढरी गाडी. गाडी त्याची, पण तो सोडून सगळं जग तीत बसायचं, कारण ती त्यानं एका ॲपवर टाकली होती. ज्याला हवी त्यानं मोबाईलवरून बुक करायची, घेऊन जायची, आणून लावायची. मालकानं म्हणे नुसतं बसून खायचं! बसतोय कुठं? कुणी चिखल आणायचं, कुणी ओकून ठेवायचं. एक गेला की दुसरा यायच्या आत गाडी धुवा, पुसा, फोटो काढा. आधीच खोल्यांतल्या पोरांची कटकट, त्यात ही. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं.

त्यात गौतमीचे, त्याच्या बायकोचे, दिवस भरत आलेले. याआधी दोनदा दिवस राहिले होते, पण मूल काही हातात आलं नव्हतं. दुधानं पोळलेली माणसं ती. तिनं नुसती कूस बदलली तरी हा उठून बसायचा. झोप नाही, विसावा नाही.

त्यामुळं गिऱ्हाईकाशी तो दोनच वाक्यं बोलायचा. तोंडाकडं न बघता, पुजारी तीर्थ देतो तशी.

"काय राह्यलं न्हाई ना गाडीत?"

"बरं. या परत!"

त्या दिवशी ऊन चांगलं वर आलं होतं. ताम्हिणीच्या किशोरनं गाडी आणून लावली. आजारी वडलांना पुण्याच्या दवाखान्यातून घरी न्यायला म्हणून त्यानं ती नेली होती. त्याला माघारी न्यायला एक जण मोटरसायकल घेऊन रस्त्यावर थांबला होता.

किशोरनं किल्ली हातात दिली नाही. कट्ट्यावर ठेवली.

"येतो" म्हणाला नाही. नुसता वळला.

इंद्रजित खाली बसून गाडीतल्या पायपुसण्या झटकत होता. मान वर केली असती तर किशोरचं नुकतंच भादरलेलं डोकं दिसलं असतं. पण तो इतका दमला होता की मानसुद्धा जड झाली होती.

"काय राह्यलं न्हाई ना गाडीत?"

इंद्रजितनं दुसरी पायपुसणी ओढून घेतली.

"बरं. या परत!"

पावलं थांबली...

"दादा, असं म्हनू नये वो," किशोरचा आवाज चिरकला. "अण्णा गेलं आमचं. तुमच्याच गाडीत. धरणाच्या काठानं जाताना."

मयताच्या माणसांना "या" म्हणायचं नसतं. त्यांनीही "येतो" म्हणायचं नसतं. भलत्याच कुणी ते ऐकू नये म्हणून. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. इंद्रजितलाही होतं. पण सवयीनं बोलणारं तोंड कुणाला विचारून बोलतं?

"कुटं बसलेवते?" त्यानं विचारलं. का विचारलं, ते त्यालाही सांगता येत नाही.

"मागं, डाव्या अंगाला. सारखं एकच म्हनत व्हते. काच खाली घे, वारं लागू दे. मी घेतली न्हाई. थंडी लई व्हती म्हनून..."

किशोर गेला. इंद्रजितनं गाडीवर गोमूत्र शिंपडलं आणि गौतमीला यातलं काही सांगायचं नाही असं ठरवलं. दुपारी कॉलेजची पोरं गाडी घेऊन गेली.

संध्याकाळी परत आली, ती कुरकुरतच.

"दादा, मागची डावी काच दुरुस्त करा ना. सारखी खाली येते."

"आणि मागं कुणी नसताना पट्टा लावा, पट्टा लावा म्हणून वाजतं."

पिरंगुटच्या मेकॅनिकनं गाडी बघितली. म्हणाला, सगळं ओके हाय. इंद्रजितनं ॲपवर गाडी बंद केली आणि अंगणात लावून ठेवली.

दुसऱ्या दिवशी तो दोरीवर कपडे वाळत घालत होता. गाडीला कुलूप. किल्ली त्याच्या खिशात.

सर्रर्र...

मागची डावी काच खाली आली. पूर्ण.

मग गाडी डाव्या अंगाला किंचित खचली... कुणीतरी सावकाश टेकल्यासारखी.

त्यानं कपडे तिथंच टाकले आणि घरात आला. गौतमीनं विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "कुटं काय?"

या गाडीत तिला बसवायचं नाही, हे त्यानं तेव्हाच ठरवलं. पण माणूस ठरवतो एक. गौतमीला कळा सुरू झाल्या भर दुपारी, तेव्हा घरी हा सोडून कुणीच नव्हतं. ॲम्ब्युलन्स कुठंतरी अडकलेली. शेजारच्यांच्या गाड्या कामावर गेलेल्या.

आणि गौतमी भिंतीला धरून म्हणाली, "अवो, सकाळपास्नं पोट हाललं न्हाई."

मागच्या दोन्ही वेळेस ती हेच म्हणाली होती.

त्यानं गाडी काढली. ती डाव्या दाराकडं निघाली.

"तितं नगं! उजवीकडनं बस!"

"का वो?"

"बस म्हनतो ना!"

गाडी लवळ्याचा उतार उतरली आणि सुरू झालं...

टिंग. टिंग. टिंग.

डावी सीट. पट्टा लावा.

इंद्रजितनं आरसा वर फिरवला. मागं बघायचंच नव्हतं त्याला.

"अवो," गौतमी डोळे मिटून म्हणाली, "माज्या पाठीवर कोन हात फिरवतंय?"

रस्त्यावर नजर ठेवून तो मनातल्या मनात एकच घोकत होता. मूल जगू दे. कसंही करून एवढं मूल जगू दे.

टिंग. टिंग...

आवाज बंद झाला.

एकदम. मधेच.

आणि त्याच क्षणी गौतमी ओरडली, "हाललं! लाथ मारली वो त्यानं!"

तिला हसू आलं होतं आणि रडूही. तोही रडला. त्या आनंदात आवाज का बंद झाला, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. दिवे लागायच्या वेळेला मुलगा झाला. धडधाकट.

दवाखान्यातून घरी सोडलं त्या सकाळी धुकं होतं. गौतमी बाळाला घेऊन मागं बसली, यावेळी डावीकडं. गाडी आता गप्प होती. काचही हलत नव्हती.

बाळ मात्र रडायला लागलं. दूध घेईना, थोपटून ऐकेना. रडून रडून काळंनिळं पडलं.

इंद्रजितनं काच खाली घेतली. तो म्हणतो, माझं बोट आपोआप गेलं.

"थंडी लागंल त्याला!" गौतमी म्हणाली.

पण बाळ गप्प झालं होतं... गार वाऱ्याकडं तोंड करून, डोळे मिटून, लांबून चालत आलेल्या माणसासारखं.

तेवढ्यात फोन वाजला. इंद्रजितनं गाडी कडेला घेतली. फोन किशोरचा होता.

"दादा, आज अण्णांचा दहावा. आमी नदीवर हाय. कावळा शिवना वो पिंडाला. शेत इकनार न्हाई म्हनलो, आईला संभाळीन म्हनलो. तरी न्हाई. समोर बसल्यात कावळे, पर एक बी खाली येईना."

इंद्रजितला पाण्याचा आवाज येत होता. कावळे ओरडत होते.

"आई म्हनती, त्या मानसानं बोलावलंय त्यांना. त्यानंच सोडाय पायजे. मी स्पीकर लावतो दादा. तुमी एवढंच म्हना, 'जावा आता.' आमचा मानूस मोकळा हुईल."

इंद्रजितनं आरसा खाली केला.

मागं गौतमी. तिच्या मांडीवर बाळ. खिडकीतून येणारं वारं.

"कोनाचा फोन हाय?" ती म्हणाली.

दोन शब्दच तर होते. त्याच्या ओठांवर आलेही होते.

बाळानं डोळे उघडले... आणि आरशातून त्याच्याकडं बघितलं.

एवढ्याशा बाळाला लांबचं दिसत नाही म्हणतात.

इंद्रजितनं फोन कापला.

त्या लोकांनी शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला, असं नंतर कानावर आलं. किशोरचा नंबर इंद्रजितनं ब्लॉक केला आहे. गाडी भाड्यानं देणं कायमचं बंद.

गेल्या महिन्यात मी लवळ्याला गेलो होतो. पोरगं आता रांगतं. गोड आहे, कुणाकडंही येतं. माझ्या मांडीवर बसून त्यानं माझा चष्मा ओढला, तसं मी त्याला खाली ठेवलं आणि लाडानं म्हणालो, "चल, जा..."

इंद्रजितनं धावत येऊन माझ्या तोंडावर हात दाबला. वाक्य पुरं होऊ दिलं नाही. गौतमी बघत राहिली. तिला अजूनही काही माहीत नाही.

बराच वेळ त्यानं तो हात काढला नाही.